दोन रात्री आणि एक अर्धे सत्य



गेल्या महिन्यात दोन दिवस मी पुण्याला गेलो होतो. तेथील एका महाविद्यालयाने नीतिशास्त्रावर चर्चासत्र भरवले होते आणि ‘मानवी प्रतिष्ठा’ या विषयावर बोलण्यासाठी मला बोलावले होते. एरवी आम्ही धर्मगुरू परगावी गेलो की तेथील एखाद्या चर्चच्या धर्मगुरुनिवासात उतरतो. या वेळी आयोजकांनी सर्व वक्त्यांची व्यवस्था शहरातील एका हॉटेलात केली होती.

परत आल्यावर आपल्या एका वाडीत प्रार्थनासभेनंतर चहा चालू असताना कोणीतरी विचारले, “फादर, हॉटेलात राहिलात म्हणे! कसे होते?” मी म्हणालो, “छान होते. पहिल्या दिवशी खोली जरा अस्वच्छ होती, पण सांगितल्यावर लगेच साफ करून दिली.” सर्वांनी माना डोलावल्या. एकजण म्हणाले, “सांगितल्याशिवाय कोण काय करतो हल्ली!” सगळे हसले, मीही हसलो, आणि विषय दुसरीकडे वळला.

त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही. मी जे सांगितले त्यात एकही शब्द खोटा नव्हता. तरीही मी तुम्हाला खरे सांगितले नव्हते. शब्द सगळे खरे आणि सांगणे मात्र खोटे, असे कसे होऊ शकते? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही ‘सत्य’ या विषयावर पानेच्या पाने लिहिली. पण हा प्रश्न मला एका हॉटेलच्या खोलीने घातला. म्हणून त्या दोन रात्रींचा पुरता हिशेब आज तुमच्यापुढे मांडतो.

मला काय आवडले

आधी एक कबुली. मला तेथे राहायला आवडले. धर्मगुरूने असे म्हणावे की नाही, ठाऊक नाही, पण हिशेब पुरता द्यायचा तर सुरुवात येथूनच करायला हवी. जाड गादी, पांढरीशुभ्र चादर, नळ सोडताच गरम पाणी, थंड हवेचे यंत्र. दाराशी कोणी बेल वाजवत नाही, मयताची वार्ता येत नाही, दाखल्यावर सही मागायला कोणी उभे राहत नाही. दाराच्या मागे एका रात्रीचा दर लिहिलेला होता: 4,200 रुपये. तो आकडा पाहून क्षणभर संकोच वाटला. पण बिल महाविद्यालय भरणार होते, त्यामुळे संकोच फार टिकला नाही. दुसऱ्या दिवशी न्याहारीला बशीत इडली, उपमा, आम्लेट आणि केकचा तुकडा असे सगळे एकदम वाढून घेतले आणि अर्धे टाकले. घरी कोणी मुलाने असे केले तर मी त्याला चार शब्द सुनावले असते.

आणखी एक गोष्ट मला आवडली, आणि ती सांगायला जास्त जड जाते. प्रवासात मी साध्या शर्ट-पँटमध्ये होतो. तेथे मला कोणी ‘फादर’ म्हणत नव्हते, सगळे ‘सर’ म्हणत होते. नोंदवहीत नाव, पत्ता, ‘कोठून आलात’, ‘कोठे जाणार’ असे रकाने होते. तत्त्वज्ञांनी शेकडो वर्षे ज्या प्रश्नांवर वाद घातला त्यांची उत्तरे मी ‘वसई’ आणि ‘वसई’ अशी अर्ध्या मिनिटात लिहून टाकली. आधार कार्डाची प्रत दिली आणि मोकळा झालो. मी कोण आहे याच्याशी तेथे कोणाला देणेघेणे नव्हते. आपण केवळ गिऱ्हाईक असणे किती सुटसुटीत असते!

त्या सुटसुटीतपणातच पुढची चूक घडली.

काय घडले

मी मंगळवारी दुपारी सव्वाबाराच्या सुमारास हॉटेलवर पोहोचलो. खोली दोन वाजता मिळेल, असे मला आधीच कळवलेले होते. बहुतेक हॉटेलांत पद्धत अशी असते की राहिलेल्या पाहुण्याने बारा वाजता खोली सोडायची आणि नव्याने दोन वाजता ताबा घ्यायचा. मधले दोन तास सफाईसाठी. पण पहाटेची लोकल, मग पुण्याची गाडी, असा प्रवास करून मी दमलो होतो. व्याख्यानाचे टिपणही नीट करायचे होते. मी काउंटरवर म्हणालो, “जरा लवकर होईल का?” तेथील मुलगी म्हणाली, “प्रयत्न करते सर.” दहा मिनिटांनी मी पुन्हा विचारले. पुन्हा पाच मिनिटांनी. तिसऱ्या वेळी माझ्या आवाजात धार होती. पाऊणच्या सुमारास तिने हसून चावीचे कार्ड माझ्या हातात दिले.

खोलीत उशीवर एक लांब केस होता. न्हाणीघराची फरशी ओली होती आणि बेसिनवर कोणीतरी वापरलेला साबण तसाच पडला होता. मी फोन उचलला. नेमके काय बोललो ते मला आठवते, आणि म्हणूनच लिहितो. मी म्हणालो, “एवढे पैसे घेता आणि ही खोली देता?” पैसे माझे नव्हते.

पाच मिनिटांत एक तरुण सुपरवायझर आला. मागोमाग हाउसकीपिंगच्या निळ्या गणवेशातील एक बाई आल्या, पस्तिशीच्या असतील. सुपरवायझरने माझी चार वेळा माफी मागितली आणि मग माझ्या देखतच त्या बाईंना झापले. “डोळे कुठे असतात? घरी असंच ठेवता का?” असे बरेच काही. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी उशीचा अभ्रा काढला, चादर बदलली, फरशी पुसली. मी खिडकीपाशी उभा राहून बाहेर पाहत होतो. सुपरवायझरने माझा खोली क्रमांक आणि तक्रार आपल्या वहीत टिपली. संध्याकाळी हॉटेलकडून दिलगिरी म्हणून फळांची परडी आली. मी ती फळे खाल्ली. चिकू चांगले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला न्याहारीहून परत येताना त्याच बाई मजल्यावर सफाईची गाडी ढकलताना दिसल्या. मला अवघडल्यासारखे झाले. मी म्हणालो, “ताई, काल तुम्हाला माझ्यामुळे बोलणी खावी लागली.” त्या थांबल्या. म्हणाल्या, “न्हाई साहेब, तुमची काय चूक? केस तर होताच की.”

त्यांच्या आवाजात ना राग होता ना लाचारी. मी विचारले म्हणून त्यांनी थोडे सांगितले. एका पाहुण्याने सोडलेली खोली नीट करायला अर्धा तास लागतो. त्या दिवशी त्यांच्या जोडीची बाई रजेवर होती, त्यामुळे दोघींच्या मिळून सतरा खोल्या त्यांच्याकडे होत्या. “अन् खालून फोन आला, की गेस्ट बसून आहे, दहा मिनटात खोली द्या. म्हटलं देते.” मग त्या हसून म्हणाल्या, “चालतंय साहेब,” आणि पुढच्या दाराकडे वळल्या.

खाली बसून राहिलेला तो गेस्ट मीच होतो.

अकरा वाजता मी व्याख्यान दिले. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने 1785 साली मांडलेले तत्त्व मी श्रोत्यांना समजावून सांगितले: माणसाला केवळ साधन म्हणून कधीही वापरू नये, तो स्वतःच साध्य आहे. उदाहरणेही दिली. सकाळच्या प्रसंगाचे उदाहरण मात्र दिले नाही. टाळ्या चांगल्या पडल्या.

मान आणि नाव

आता प्रश्न असा. मी चूक केली असेल तर ती नेमकी कोणती? खोली अस्वच्छ होती हे खरे. मी तक्रार केली तीही योग्य माणसांकडे. पैसे घेऊन सेवा देणाऱ्याकडे सेवा नीट मागणे हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. आपल्या देशात त्यासाठी 1986 साली ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि 2019 साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. ‘माणुसकी’च्या नावाखाली घाण सहन करा, असे मी कधीच म्हणणार नाही. आपण गप्प बसलो तर आपल्या मागून येणाऱ्यालाही तीच उशी मिळेल.

मग बिघडले कोठे? याचा विचार करताना मला संत थॉमस अक्वायनस यांचा आधार मिळाला. तेराव्या शतकातील या महान तत्त्वज्ञाने माणसाने माणसाला शब्दांनी केलेल्या इजेचे प्रकार वेगवेगळे करून तपासले आहेत. त्यांतील दोन येथे लागू पडतात. एखाद्याला तोंडावर हिणवले तर त्याचा मान जातो. पाठीमागे त्याचे उणे सांगितले तर त्याचे नाव जाते. बोललेले खरे असेल म्हणून ही इजा आपोआप माफ होत नाही. उणे खरे असले तरी ते कोणाला, कशासाठी आणि किती सांगावे याला मर्यादा आहे. आठवी आज्ञा खोट्या साक्षीविषयी आहे हे आपण सर्व लहानपणापासून शिकतो. पण खरे बोलूनही या आज्ञेविरुद्ध वागता येते, ही शिकवण आपण प्रश्नोत्तरीतच सोडून आलो आहोत. संत थॉमस आणखी पुढे जातात. दुसऱ्याची निंदा ऐकून जो ती थांबवू शकत असतानाही थांबवत नाही तोही दोषी, असे ते म्हणतात.

त्या बाईंचा मान माझ्या खोलीत गेला, कारण त्यांना माझ्या देखत झापले गेले आणि मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. त्यांचे नाव सुपरवायझरच्या वहीत गेले, कारण खोली क्रमांकावरून त्या दिवशी तेथे कोण होते हे लगेच कळते. आणि या दोन्हींच्या मुळाशी जे होते, म्हणजे मी वेळेआधी येऊन केलेली घाई, ते कोणत्याच वहीत गेले नाही. मी केसाविषयी सांगितले. माझ्या घाईविषयी सांगितले नाही. जे सांगितले ते खरे होते. जे गाळले त्यामुळे ते खोटे झाले.

न्यायालयात साक्षीदाराला केवळ खरे नव्हे तर पूर्ण खरे सांगण्याची शपथ का घालतात, ते मला त्या दिवशी नीट समजले.

अतिथी आणि गिऱ्हाईक

‘अतिथी’ या शब्दाची आपल्याकडे जुनी फोड अशी आहे की ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी. त्या अर्थाने हॉटेलात उतरणारा कोणीच अतिथी नसतो. त्याची येण्याची तिथी आणि जाण्याची वेळ दोन्ही आधीच लिहिलेली असतात. मम्रेच्या ओकवृक्षांजवळ आब्राहामाने उन्हातून आलेल्या तीन अनोळखी माणसांना धावत जाऊन सामोरे घेतले. त्याने भाकरी करवली, वासरू रांधवले. तेथे दर लिहिलेला नव्हता. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठांसाठी जो नियम लिहिला त्यात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ख्रिस्ताप्रमाणे स्वीकारण्याची आज्ञा आहे. हे सर्व वाचून आपल्याला वाटते की खरे आदरातिथ्य फुकटच असते आणि पैसे मोजून मिळते तो निव्वळ व्यवहार.

मला मात्र आता तसे वाटत नाही. दयाळू शोमरोन्याचा दाखला आठवा. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर पडलेल्या जखमी माणसाला तो शोमरोनी कोठे नेतो? उतारशाळेत. म्हणजे त्या काळच्या हॉटेलात. दुसऱ्या दिवशी तो मालकाच्या हातावर दोन दिनार ठेवतो. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. जास्त खर्च झाला तर परतताना देईन, असेही सांगतो. इतकी वर्षे मी या दाखल्यावर प्रवचने केली. याजकावर बोललो, लेवीयावर बोललो, शोमरोन्यावर बोललो. त्या उतारशाळेच्या मालकावर एकदाही बोललो नाही. शोमरोनी तर निघून गेला. जखमा धुण्याचे, चादरी बदलण्याचे, पाणी पाजण्याचे काम पुढचे कितीतरी दिवस त्या पगारी माणसांनी केले असणार. पैसे घेतले म्हणून ती सेवा कमी प्रतीची ठरत नाही.

आणि शोमरोन्याचे बोलणे पाहा. तोही पैसे मोजणारा गिऱ्हाईकच होता. पण ‘एवढे पैसे देतो, मग नीट सांभाळ’ असा त्याचा सूर नाही. समोरच्यावर आपण किती भार टाकत आहोत याची त्याला जाणीव आहे, आणि तो भार आपल्या अंदाजापेक्षा जास्त ठरू शकतो हेही तो मान्य करतो. पैसे मोजूनही माणूस गिऱ्हाइकाच्या वर उठू शकतो, तो असा. मी फोनवर बोललेले वाक्य आणि शोमरोन्याचे बोलणे शेजारी शेजारी ठेवले की मला माझी लाज वाटते.

एक गोष्ट याहून बोचरी आहे. माझ्या अंगावर पांढरा झगा असता तर मी फोनवर तसा बोललो असतो का? नाही. काउंटरवर तिसऱ्यांदा विचारतानाही आवाज चढवला नसता. म्हणजे माझी नम्रता माझ्यात कमी आणि माझ्या झग्यात जास्त होती. आपल्याला कोणी ओळखत नाही तेथे आपण जसे वागतो, तसे आपण असतो.

फॉर्मवर काय लिहावे?

गुरुवारी सकाळी निघताना टेबलावर अभिप्रायाचा फॉर्म होता. खोलीची स्वच्छता: उत्तम, चांगली, साधारण, वाईट. एकावर खूण करायची होती. पेन हातात घेऊन मी बराच वेळ बसलो.

‘उत्तम’वर खूण केली तर त्या बाई कदाचित वाचतील. पण ते खोटे होते. 1797 साली लिहिलेल्या एका छोट्या निबंधात कांट म्हणतो की परोपकारासाठीसुद्धा खोटे बोलण्याचा हक्क माणसाला नाही, दाराशी मारेकरी उभा असला तरीही. इतके टोक गाठणे मला आजवर पटलेले नाही. पण येथे मारेकरी नव्हता, आणि दुसरेही एक कारण होते. ‘उत्तम’ लिहिल्याने त्या बाईंचे भले होणार होते का? एका बाईकडे सतरा खोल्या दिल्या तरी सर्व उत्तम चालते, असाच त्याचा अर्थ मालकाने घेतला असता. माझे दयाळू खोटे त्यांच्या डोक्यावरचा भार कायम करणारे ठरले असते. ‘वाईट’वर खूण केली असती तर ते खरे होते, पण पुन्हा तेच अर्धे सत्य.

खिशातून दोनशेची नोट काढून उशीखाली ठेवली. ठेवताना मनात आले की हिशेब मिटला. लगेच जाणवले की मी आपल्या मनाची टोचणी दोनशे रुपयांत मिटवू पाहत आहे. नोट तशीच राहू दिली, ती त्यांच्या कष्टाची होती. पण तिने हिशेब मिटत नाही. दुसऱ्याचे नाव आपल्यामुळे खराब झाले असेल तर पापस्वीकार करूनही भरपाईचे कर्तव्य उरते, ही आपल्या धर्ममातेची शिकवण आहे. चोरीचा माल परत करावा लागतो, तसेच नावाचे.

शेवटी मी कोणत्याच चौकटीत खूण न करता फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिले. मंगळवारी खोली अस्वच्छ मिळाली. मी ठरलेल्या वेळेच्या सव्वा तास आधी खोली घाईने मागून घेतली होती. त्या दिवशी एकाच व्यक्तीकडे सतरा खोल्या होत्या. त्यांनी खोली नंतर उत्तम साफ केली, त्या सौजन्याने वागल्या. त्यांना माझ्यासमोर बोलणी ऐकावी लागली, ते मला आवडले नाही आणि मी ते थांबवले नाही. खाली माझे नाव आणि फोन नंबर लिहिला.

लिहिता लिहिता एका जागी पेन अडले. त्या बाईंचे नाव? त्यांच्या गणवेशावर नावाचा बिल्ला होता. मी त्यांना दोनदा भेटलो, एकदा चक्क त्यांची क्षमा मागायला गेलो, आणि तो बिल्ला मी वाचला नव्हता. ‘मानवी प्रतिष्ठा’ या विषयावर पाऊण तास बोलणाऱ्या माणसाची ही गोष्ट. मी ‘तिसऱ्या मजल्यावर मंगळवारी काम करणाऱ्या ताई’ असे लिहिले.

काउंटरवर फॉर्म देताना तो सुपरवायझर दिसला. त्याला बाजूला घेऊन सर्व सांगितले. त्याने ऐकून घेतले. तोही दमलेला दिसत होता, आणि त्यालाही वरून कोणीतरी झापत असणार. खरे तर हे मी त्या बाईंच्या समोर सांगायला हवे होते. त्यांचा मान जेथे गेला तेथेच तो परत मिळायला हवा होता. पण गाडीची वेळ झाली होती. निदान तसे मी स्वतःला सांगितले.

आपल्यासाठी

हे सर्व तुम्हाला का सांगतो? कारण आज आपण सर्वच सारखे अभिप्राय देत असतो. जेवण पोहोचवणारा मुलगा, रिक्षावाला, दुकान, दवाखाना, सर्वांना मोबाइलवर तारे द्यायचे. अंगठ्याच्या एका दाबाने आपण एखाद्याला पाच देतो, एखाद्याला एक. पाऊस होता का, लिफ्ट बंद होती का, आपण पत्ता अर्धवट दिला होता का, हे त्या ताऱ्यांत मावत नाही.

आणि त्या ताऱ्यांच्या पलीकडे आपलीच मुले आहेत. आपल्या धर्मग्रामातील किती मुलेमुली मुंबईच्या हॉटेलांत, आखाती देशांत, मोठ्या जहाजांवर ही सेवा करत आहेत! परत आल्यावर मी मुंबईतील एका हॉटेलात काम करणाऱ्या आपल्यातील एका तरुणाला विचारले. तो म्हणाला, “फादर, पाहुण्याने लिहिलेले सकाळच्या बैठकीत आम्हाला वाचून दाखवतात. तक्रार कोणाची ते खोली नंबरवरून कळतेच. पण कौतुक असेल आणि नाव लिहिलेले नसेल तर ते कोणाचेच होत नाही.” हे ऐकून मला तो न वाचलेला बिल्ला पुन्हा आठवला. तक्रार आपला माणूस आपोआप शोधून काढते. कौतुकाला मात्र नाव लागते.

आपल्यापैकी काही जण दुसऱ्या बाजूलाही आहेत. आपल्या अर्नाळा, राजोडी, कळंब या किनाऱ्यावर शनिवार-रविवारी मुंबईहून पाहुणे येतात. ज्यांच्या रिसॉर्टात दोन-चार माणसे कामाला आहेत त्यांना माझी विनंती आहे की पाहुण्याची तक्रार जरूर ऐका, पण माणसाला पाहुण्यादेखत बोलू नका. 1891 साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांविषयी परिपत्रक काढून न्याय्य वेतनाचा आग्रह धरला. न्याय्य वेतनाबरोबर झेपेल एवढे काम हाही त्याच न्यायाचा भाग आहे. आणि ज्यांच्या घरी धुणीभांडी करायला बाई येते त्यांनी हॉटेलच्या जागी आपले स्वयंपाकघर ठेवून हा लेख पुन्हा वाचावा.

यापुढे तक्रार करण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारायचे मी ठरवले आहे. तुम्हाला पटले तर तुम्हीही विचारून पाहा. पहिला, मी जे सांगणार आहे त्यात माझा स्वतःचा वाटा आला आहे का? दुसरा, ज्याला सांगणार तो ही गोष्ट दुरुस्त करू शकतो का, की मी केवळ मन मोकळे करत आहे? तिसरा, ज्याच्याविषयी सांगणार तो समोर उभा असता तर मी हेच शब्द, याच आवाजात बोललो असतो का? तिन्ही उत्तरे ‘होय’ असतील तर तक्रार अवश्य करा, ठामपणे करा. ही सूचना आपल्या चर्चमधील तक्रारींनाही लागू आहे. गायनवृंदाविषयी, मिस्सेच्या वेळेविषयी आणि प्रमुख धर्मगुरूंविषयी येणाऱ्या निनावी पत्रांवर यापुढे सही असेल तर मला आनंद वाटेल. चहासुद्धा पाजीन.

त्या फॉर्मचे पुढे काय झाले ते मला माहीत नाही. हॉटेलकडून फोन आला नाही. पण त्या वाडीतील प्रार्थनासभेत मी जे अर्धवट सांगितले होते, ते तरी दुरुस्त करणे माझ्या हातात होते. “खोली अस्वच्छ होती, सांगितल्यावर साफ करून दिली” असे मी म्हणालो आणि तुम्ही एका न पाहिलेल्या बाईंना आळशी ठरवून हसलात. तुमचा त्यात दोष नव्हता. साक्ष माझी होती. ती साक्ष आज येथे पुरी करतो: केस तर होताच, पण तो तेथे राहण्याला माझी घाईही कारण होती.

प्रभू आपणां सर्वांना पूर्ण सत्य बोलण्याचे धैर्य देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू